पॅरामाउंटचे भाते

सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात तो जुन्या पद्धतीचा गोंद, गरम होताना जो वास सुटतो तो ज्यांनी घेतलाय त्यांना मी वेगळं काय सांगणार, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी ओलं कुत्रं आणि जुनी कोल्हापुरी एकाच पातेल्यात उकळायला ठेवलीय असं समजावं. मी तो वास पहिल्यांदा घेतला नारायण पेठेत मामाच्या पेटीदुरुस्तीच्या खोलीत, तेव्हा मी आठ वर्षांची होते. दुसऱ्यांदा घेतला सिएटलच्या उत्तरेला एका रिटायर्ड अमेरिकन आजोबांच्या गॅरेजमध्ये, वय सेहेचाळीस, नोकरी नाही, आणि हातात १९२८ सालच्या एका थिएटर ऑर्गनचा काडेपेटीएवढा भाता.

इथपर्यंत कशी पोचले ते सांगते.

जॉब गेला ही सिएटलमध्ये आता काही बातमी राहिलेली नाही. सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, एका सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि लॅपटॉप लॉक. पहिले दोन महिने मी रेझ्युमे, लिंक्डइन, सगळ्यांना फोन वगैरे केलं, मग एका शुक्रवारी नवरा म्हणाला की उद्या तू घरात बसू नकोस, कुठेही जा पण घरात बसू नकोस. फुकट काय आहे म्हणून शोधलं तर पॅरामाउंट थिएटरची टूर निघाली, महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला, तिकीट शून्य. नाइन्थ आणि पाइनच्या कोपऱ्यावरून मी वर्षानुवर्षं बसने गेलेय, आत एकदाच गेले होते, मुलाला म्युझिकल दाखवायला, तेव्हा सगळं लक्ष त्याला सू लागलीय का याच्याकडे होतं.

टूरमध्ये रिकामं थिएटर बघणं हा प्रकारच वेगळा आहे. चार मजली उंच लॉबी, झुंबरं, सोन्याचा वर्ख, फ्रेंच राजवाड्याची नक्कल. आणि हे सगळं कोणासाठी, तर दुपारी ऑफिसातून पळून सिनेमा बघायला येणाऱ्या टायपिस्ट मुलींसाठी. म्हणजे तिकिटाच्या पैशात सिनेमा आणि वर तीन तास महालात बसायला मिळायचं. आमचा गाइड (तोही व्हॉलंटियर, वय सत्तरच्या पुढे) सांगत होता की १ मार्च १९२८ ला हे उघडलं, तेव्हा नाव सिएटल थिएटर, पॅरामाउंट हे नाव १९३० मधे आलं. नकाशा शिकागोच्या रॅप अँड रॅप या भावांच्या फर्मचा, बरोबर इथला मार्कस प्रिटेका. आता तारीख नीट बघा. पहिला गाजलेला बोलपट 'द जॅझ सिंगर' ऑक्टोबर १९२७ मधे आला. म्हणजे मूकपटांना साथ करायला म्हणून एवढा अवाढव्य ऑर्गन बसवला आणि उद्घाटन होईपर्यंत सिनेमा बोलायला लागलेला होता! टेस्टिंगवाल्या माणसाला हे दुःख लगेच कळतं, रिलीजच्या दिवशीच रिक्वायरमेंट बदललेली.

मग मंदी. १९३१ मधे थिएटर बंद, पुढच्या वर्षी परत सुरू. पुढे सिनेमे, मग सत्तरच्या दशकात रॉक कॉन्सर्ट, नव्वदपर्यंत नुसती रया गेलेली. आजूबाजूची भावंडं एकेक करून गेली. ऑर्फियम नावाचं होतं, तेही प्रिटेकाचंच, १९६७ मधे पाडून तिथे हॉटेल उभं राहिलं, ते डाउनटाउनमधले दोन गोल टॉवर दिसतात ना तेच. कोलिझियमचं कपड्यांचं दुकान झालं. म्युझिक हॉल तर १९९२ मधे पाडलं. आणि पुढच्याच वर्षी आयडा कोल नावाच्या बाईंनी पॅरामाउंट विकत घेतलं. या मायक्रोसॉफ्टमधल्या पहिल्या महिला व्हाइस प्रेसिडेंट. कंपनीतून बाहेर पडल्यावर लोक बोट घेतात, द्राक्षाचा मळा घेतात, बाईंनी गळकं थिएटर घेतलं. मार्च १९९५ मधे दुरुस्त होऊन परत उघडलं, स्टेज वाढवलं, तळमजल्याच्या खुर्च्या जमिनीखाली जातील अशी सोय केली, आणि चालवायला ना-नफा संस्था.

मला हे ऐकताना मंडई आठवत होती. पुण्यातल्यांना आर्यन वाहनतळ माहीत असेल. मला लहानपणी वाटायचं आर्यन हे पार्किंगवाल्या कंत्राटदाराचं किंवा त्याच्या मुलाचं नाव असणार. कॉलेजात गेल्यावर कळलं की तिथे आर्यन नावाचं सिनेमा थिएटर होतं, गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली काढलेलं, ऐंशीच्या दशकात पाडलं आणि गाड्या लावायला जागा केली. पण यात पुणं एकटं नाही बरं का. याच रॅप बंधूंनी डेट्रॉइटमधे १९२६ ला मिशिगन थिएटर बांधलं होतं, चार हजार खुर्च्यांचं, त्याचं आज पार्किंग गॅरेज आहे, वर छताची नक्षी अर्धी शाबूत आणि खाली गाड्या. आणि ती जागा मुळात कुठली, तर जिथे हेन्री फोर्डने आपली पहिली गाडी जोडली त्या शेडची. नियतीला इतका ओबडधोबड विनोद शोभत नाही खरं तर.

असो. टूरच्या शेवटी गाइडने स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या उंच सोनेरी जाळ्या दाखवल्या आणि म्हणाला यांच्यामागे खोल्या आहेत, तिथे ऑर्गनचे पाइप आहेत, हजारावर. वुर्लिट्झर कंपनीचा, चार कीबोर्डचा, मूळ वीस रँकचा (रँक म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या पाइपांची रांग), नंतर एक वाढवून एकवीस. जिथे १९२८ ला बसवला तिथेच अजून आहे, आणि हे फार दुर्मिळ, कारण बहुतेक थिएटरांतले ऑर्गन विकले गेले, पिझ्झा रेस्टॉरंटांत गेले, भंगारात गेले. आणि मी, जी गेले दोन महिने इंटरव्ह्यूत सुद्धा धड प्रश्न विचारत नव्हते, ती एकदम बोलले, याच्या आत भाते असतील ना? चामड्याचे?

तो माणूस थांबला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला बाई, शेकड्यांनी आहेत, आणि कधीच सगळे एका वेळी धड नसतात. तुम्ही कशा काय विचारता हे? मी सांगितलं की माझे आजोबा संगीत नाटकात ऑर्गन वाजवायचे आणि मामा पेट्या दुरुस्त करतो. त्याने खिशातून पेन काढून टूरच्याच कागदावर एक ईमेल लिहून दिला.

इथे ऑर्गन सांभाळणारी जी व्हॉलंटियर मंडळी आहेत त्यांचं सरासरी वय मी गेल्याने चाळीस वर्षांनी खाली आलं असं ते स्वतःच म्हणतात, गणित चुकीचं आहे पण भावना बरोबर आहे. रिटायर्ड विमान इंजिनियर, एक दातांचा डॉक्टर, एक शाळेतल्या बँडच्या बाई. मुख्य जे आजोबा, त्यांना मी इथे नुसतं आजोबा म्हणते, त्यांनी मला पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हरलाही हात लावू दिला नाही. काम दिलं की कन्सोलपाशी (म्हणजे ऑर्गन जिथे बसून वाजवतात तो कीबोर्डांचा भाग) बसायचं आणि पट्टी दाबून धरायची.

ट्यूनिंगला दोन माणसं लागतात. एक वर खोलीत पाइपापाशी आणि एक खाली बाकावर. वरून आवाज येतो "नेक्स्ट", की खालच्याने पुढची पट्टी दाबायची. बस. सकाळी सातपासून, कारण दुपारी कुठल्या तरी शोचं सामान येणार असतं आणि मग हातोडे आणि ट्रॉल्यांच्या आवाजात सूर लावता येत नाही. तीन तास मी नेक्स्टवर पट्ट्या दाबल्या. अंधारं थिएटर, स्टेजवर एकच दिवा, मागे अठ्ठावीसशेच्या आसपास रिकाम्या खुर्च्या, आणि तुम्ही एक पांढरी पट्टी दाबताय. पाइपाचा सूर आधी डोलतो, वांव वांव वांव, मग डोल संथ होत जातो, आणि एका क्षणी दोन सूर एकमेकांत मिसळून सपाट होतात. पेटीत मामा पत्ती खरवडायचा तेव्हा हाच डोल ऐकायचा, फक्त तिथे तो कानापाशी असायचा आणि इथे अख्खं थिएटर डोलतं. मला मधेच उगाच रडू आलं, कोणी बघायला नव्हतं, नेक्स्ट आलं, पुढची पट्टी दाबली.

तिसऱ्या खेपेला वर नेलं. शिडी, मग अजून एक शिडी, मग दार. आत म्हणजे जंगल आहे. पेन्सिलीएवढे पाइप, माणसाहून उंच पाइप, लाकडी चौकोनी पाइप, शिशाचे, मधून फळीवरून चालायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. हाताच्या उबेने पाइप तापतो आणि सूर चढतो, म्हणून कोणी पाइपाला हात लावला की ट्यूनरने पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. एका कोपऱ्यात मूकपटांसाठीची खेळणी, म्हणजे ड्रम, झांजा, घोड्याच्या टापा, पोलिसांचा भोंगा, पाण्यात बुडवलेली शिट्टी जी पक्ष्यासारखी वाजते. आपल्याकडे मूकपटासमोर पेटी-तबलेवाले बसायचे, इथे एकच माणूस हा अख्खा कारखाना वाजवायचा आणि थिएटरला पूर्ण वाद्यवृंदाचा पगार वाचायचा.

याची आतली करामत ज्याने काढली तो रॉबर्ट होप-जोन्स मुळात इंग्लंडमधला टेलिफोन कंपनीचा इंजिनियर, त्यामुळे सगळं डोकं विजेचं. अमेरिकेत आला, धंदा बुडाला, १९१० मधे वुर्लिट्झरला सगळं देऊन टाकलं, १९१४ ला आत्महत्या केली. त्यानंतर कंपनीने नायगाराजवळच्या नॉर्थ टोनावांडाच्या फॅक्टरीत दोन हजारांवर थिएटर ऑर्गन बनवले.

आता भात्याचं. पेटीत भाता हवा ढकलतो आणि पत्ती वाजते, बरोबर? इथे उलटं. खाली तळघरात मोठी मोटर हवा दाबते, ती हवा पाइपांखालच्या पेटाऱ्यात भरून राहते. प्रत्येक पाइपाच्या बुडाशी एक झडप, आणि झडपेला एक पिटुकला भाता, लाकडाच्या दोन पट्ट्या आणि तीन बाजूंनी पातळ चामडं, पाचरीच्या आकाराचा. तुम्ही पट्टी दाबली की मॅग्नेट उचलतो, भात्याच्या आतली हवा निसटते, बाहेरचा दाब त्याला चेमटवतो, चेमटताना तो झडप ओढतो आणि पाइप बोलतो. म्हणजे भाता चिरडला की सूर. चामड्याला भोक पडलं की सूर दबकतो किंवा मुकाच. आणि मॅग्नेटमधे कचरा अडकला तर उलटं, सूर थांबतच नाही, त्याला हे लोक सायफर म्हणतात आणि शोच्या दिवशी हा शब्द कोणी उच्चारत नाही, आपल्याकडे रात्री सापाला जनावर म्हणतात ना तसं.

हिवाळ्यात एका पेटाऱ्याचं चामडं बदलायचं ठरलं, एकसष्ट पाइपांचा, वॉक्स ह्युमाना नावाची रँक. वॉक्स ह्युमाना म्हणजे माणसाचा आवाज म्हणे. एकटी ऐकली तर सर्दी झालेली शेळी वाटते, पण बाकीच्यांत मिसळली की काहीतरी होतं खरं. भाते काढून आजोबांच्या गॅरेजमधे आणले. जुनं चामडं बोट लावलं की मारी बिस्किटासारखं पडत होतं. चांगलं चामडं असेल तर चाळीस-पन्नास वर्षं टिकतं, म्हणजे १९२८ पासून हे आधीही कोणीतरी एकदा बदललेलं असणार, आणि तसं दिसतच होतं, लाकडावर दोन वेगळ्या हातांचे पेन्सिलचे नंबर. एकाचा सात सुंदर होता, मधे आडवी रेघ देऊन काढलेला.

आधी खरवडायचं. जिथे आधीच्याने सरस वापरला होता तिथे गरम पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवलं की चामडं आपोआप सुटून येतं, लाकूड जसंच्या तसं. पण मधल्या काळात कोणीतरी घाईत सात-आठ भात्यांना पांढरा गोंद लावलेला, तो सुटेना. पाण्याने नाही, वाफेने नाही. शेवटी घासून काढला, घासताना लाकूडही गेलं, मग त्या पट्ट्यांवर पातळ लाकडी पापुद्रा चढवून माप परत जुळवावं लागलं. आठ भात्यांना दोन आठवडे, बाकीच्या त्रेपन्नांना चार दिवस. आजोबा गोंद लावणाऱ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, फक्त प्रत्येक वेळी घासकागद उचलताना दीर्घ श्वास घ्यायचे.

मग चामडं कापणं. पट्टीचं माप ठरलेलं, पण चामडं एका दिशेला जास्त ताणतं, ते हाताला कळावं लागतं. पहिल्या दिवशी माझे सहा बरे झाले, बाकी वाकडे. कोपऱ्यात, जिथे भाता मुडपतो, तिथे सरस जास्त झाला की वाळून कडक होतो आणि भाता आळशी होतो, पट्टी दाबली की सूर जरा उशिरा येतो. आजोबा प्रत्येक भाता तोंडाशी धरून हवा ओढून बघायचे आणि दोन डब्यांत टाकायचे, पास आणि फेल. माझ्या करियरमधे पहिल्यांदा कोणी माझं टेस्टिंग करत होतं.

पहिल्या पास झालेल्या भात्याच्या आत मी पेन्सिलने बारीक श्री लिहिलं. आजोबांनी विचारलं हे काय. मी म्हटलं व्हर्जन कंट्रोल. ते हो म्हणाले आणि त्यांनी त्यांच्या वहीत त्या भात्यापुढे ते चिन्ह जसंच्या तसं काढून ठेवलं, शिरोरेघेसकट.

आता माझी चूक. सरस साधारण साठ डिग्रीला ठेवायचा असतो. त्याहून फार तापला की त्याची ताकद जाते, दिसायला तसाच दिसतो, वास तसाच, पण चिकटपणा गेलेला. गॅरेजमधे जानेवारीची थंडी, सरस लावेपर्यंत गोठत होता, म्हणून मी भांड्याचा काटा वाढवला, थोडाच, आणि तेवढ्यात मामाचा व्हॉट्सॲप कॉल आला. मामा आता शहात्तरचा आहे, दुकान बंद केलंय, पण पेटी म्हटलं की वेळकाळ बघत नाही.

"अगं दाखव ना भाता. कॅमेरा फिरव. हां. शिवण नाही?"

"नाही रे मामा, एकच पट्टी तिन्ही बाजूंनी."

"आणि चामडं कसलं? बकरीचं का मेंढीचं?"

असं करत चाळीस मिनिटं. आजोबांशी पण बोलला, त्याचं इंग्रजी यथातथाच, त्यांना मराठी येत नाही, पण दोघांनी कॅमेऱ्यासमोर आपापली सरसाची भांडी दाखवली, मामाने माळ्यावरून त्याचं जुनं पितळी भांडं काढून आणलं होतं, खाली पाण्याचं आणि आत सरसाचं. दोन म्हातारे एकमेकांना भांडी दाखवून हसतायत, मी मधे फोन धरून उभी. मामाने गंधर्व नाटक मंडळीचं पण काढलंच, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे आणि तबल्यावर थिरकवाँ, हे तो दुधवाल्यालाही सांगतो. आजोबांना एवढंच समजलं की भारतात पण ऑर्गनवर स्टेजची गाणी व्हायची, आणि त्यांनी विचारलं पाइपचा का? मामा म्हणाला नाही नाही, पायाचा. पाय वर करून दाखवला.

तोपर्यंत सरस उकळत होता. मी फोन ठेवला, भांडं खाली केलं, थोडं पाणी घातलं आणि आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात त्याच सरसाने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस भाते चिकटवले. मला कळत होतं. हे मी कबूल करते, आत कुठेतरी मला पूर्ण कळत होतं की हे तपासायला हवं, आणि सोळा वर्षं मी दुसऱ्यांना हेच ऐकवलंय, पण चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस, आणि ते वाळल्यावर इतके सुंदर दिसत होते.

पुढच्या शनिवारी आजोबांनी पहिला उचलला, हवा ओढली, पास. मग नखाने चामड्याची कड उचलली. संत्र्याच्या सालीसारखं सगळं एका ओढीत निघालं. दुसरा. तिसरा. पाचव्यानंतर त्यांनी थांबून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं भांडं किती तापलं होतं. मी सांगितलं. मला वाटलं आता म्हणतील बाई घरी जा. ते म्हणाले, चला, पाणी तापवा. अर्ध्या तासात चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस सोलून, पुसून, लाकडं ओळीने वाळत ठेवली. लाकडाला ओरखडा नाही. ते एवढंच म्हणाले की सरस असल्याने तुमची चूक अर्ध्या तासाची आहे, पांढरा गोंद असता तर ती पुढच्या पन्नास वर्षांची झाली असती. चामडं मात्र वाया गेलं, त्याचे पैसे मी दिले, ते घेत नव्हते, मी टेबलावर ठेवून आले. रात्री मामाला फोन करून सांगितलं तर तो पाच मिनिटं हसला आणि म्हणाला माझा पहिल्या वर्षी जळला होता, दुकानात तीन दिवस गिऱ्हाईक येईना वासाने.

दुसऱ्यांदा केले तेव्हा भांड्यात थर्मामीटर आणि फोन गाडीत.

मार्चअखेरीला पेटारा परत वर चढवला. शिडीवरून वर नेताना मी खाली होते आणि मला दिसत होते फक्त दोन म्हातारी ढुंगणं आणि त्यांच्यामधे एक लाकडी खोका, यावर कोणाचा तरी विमा असेल अशी आशा करत. जोडलं, मोटर सुरू केली. मोठ्या ऑर्गनची मोटर सुरू होते तेव्हा आधी काहीच ऐकू येत नाही, मग खोल्याच्या खोल्या श्वास घेतात, चामडं ताणल्याचा बारीक करकर आवाज सगळीकडून येतो. मी खाली कन्सोलवर. वरून "नेक्स्ट". एकसष्टपैकी अठ्ठावन्न बोलले, दोन मुके, आणि एक सुरू झाला तो थांबेना. पट्टी सोडली तरी चालूच. बोट काढून हात वर करून बसले, तरी चालूच. त्या रिकाम्या महालात एक शेळी अखंड ओरडतेय आणि वरून आजोबांचा शांत आवाज, मॅग्नेटमधे कचरा आहे, जेवणाआधी होईल.

झालं जेवणाआधी. माझ्याच करवतीचा भुसा होता, तिळाएवढा.

पॅरामाउंटमधे सायलेंट मूव्ही मंडेज म्हणून मूकपटांचे खेळ होतात, सोमवारी रात्री, ऑर्गनवर लाइव्ह. आम्हाला पास मिळाले. मी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन गेले, मुलगा सतरा वर्षांचा, ब्लॅक अँड व्हाइट आणि त्यात आवाज नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. जाहिराती नाहीत, ट्रेलर नाहीत. दिवे गेले, खालून कन्सोल वर आला, वाजवणारा पाठमोरा, आणि पहिल्या स्वराला खुर्चीचे हात थरथरले. मुलगा सरळ बसला. मी सिनेमा फारसा पाहिलाच नाही. मी त्या उजव्या जाळीकडे बघत बसले होते आणि प्रत्येक वेळी ती शेळी कधी येते याची वाट बघत होते. पाऊण तासाने एक रडायचा प्रसंग आला तेव्हा त्याने बाकी सगळं बंद करून फक्त लाकडी पाइपांचा एक आवाज आणि वॉक्स ठेवला, वर ट्रेम्युलंट, म्हणजे हवाच हलवतात त्यामुळे सगळे सूर एकदम थरथरतात. मागच्या रांगेतली कोणीतरी बाई नाक ओढत होती. मी मनात मोजत होते, सदतीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस, हा पांढऱ्या गोंदवाला, हा श्री.

मी फोनवर त्यातलं मिनिटभर रेकॉर्ड केलं, नवऱ्याने कोपराने ढोसलं तरी केलं, आणि मध्यंतरात मामाला पाठवलं. त्याच्याकडे सकाळ होती. घरी पोचेपर्यंत त्याचा मेसेज आला होता.

"छान. पण मधला एक सूर उशिरा येतोय. कोपऱ्यात सरस जास्त लावलायस."

शनिवारी सात वाजता बोलावलंय. बत्तीस नंबरचा आहे तो, मला पण ऐकू आलं होतं.